विमान ‘टेक्निकल’ म्हणून थांबतं तेव्हा, आणि थांबायला हवं असून सुटतं तेव्हा

कोल्हापूरजवळ शिरोलीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे. उजळाईवाडी विमानतळावरून त्यांचं संध्याकाळचं विमान ‘तांत्रिक कारणाने’ तीन तास अडकलं. एक इंजिनिअर टॉर्च घेऊन चाकापाशी बसला होता आणि आत काउंटरवर लोक कंपनीच्या नावाने शंख करत होते. वाचकांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसे वाचवण्यासाठी विमान कंपन्या देखभालीत काटछाट करतात का? करत असतील तर नेमकी कुठे? आणि त्यांचा भाचा विमान देखभालीचा, म्हणजे एएमईचा, कोर्स करतोय, त्याला काय सांगावं?

आधी त्या तीन तासांबद्दल. कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर या छोट्या विमानाच्या मुख्य चाकांच्या ब्रेकवर एक बारीक पिन असते. पार्किंग ब्रेक लावलेला असताना ती किती बाहेर उरली आहे ते पाहायचं असतं. डिस्क झिजत जाते तशी पिन आत सरकते आणि पृष्ठभागाशी सपाट झाली की ब्रेक बदलायचाच, त्यात मतभेदाला जागा नाही. अशी पिन सपाट दिसली आणि नवा ब्रेक कोल्हापुरात नसला, तर तो दुसऱ्या विमानाने किंवा गाडीने यायची वाट पाहावी लागते. कोल्हापूरला विमान येऊन जातं, मोठी देखभाल इथे होत नाही. ती हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणच्या हँगरमध्ये होते. त्यामुळे इथला इंजिनिअर एकटा असतो, त्याच्याकडे सुटे भाग मोजके असतात आणि पाठीमागे साठ-सत्तर प्रवासी घड्याळ बघत असतात. एवढं असून त्याने विमान धरून ठेवलं, याचा अर्थ त्या संध्याकाळी यंत्रणा जशी चालायला हवी तशी चालली.

आता मुख्य प्रश्न. दबाव आहे का? आहे, आणि तो या धंद्याच्या हिशोबातच आहे. विमान हवेत असतं तेवढाच वेळ कमावतं. बहुतेक विमानं भाड्याची असतात आणि ते भाडं विमान जमिनीवर असलं तरी चालूच राहतं. एटीआर दिवसभरात छोट्या छोट्या फेऱ्या मारतं, दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला जेमतेम अर्धा तास मिळतो. सकाळी पहिल्या ठिकाणी चाळीस मिनिटं गेली की ती संध्याकाळी कोल्हापुरात प्रवाशांच्या माथी येतात. पण हा दबाव ‘हे काम करू नका’ अशा हुकमाच्या रूपाने जवळपास कधीच येत नाही. तसा हुकूम आला तर ओळखता तरी येईल. दबाव येतो तो मुदतवाढीच्या, मनुष्य-तासांच्या आणि स्टोअरमधल्या रिकाम्या खणांच्या रूपाने. प्रत्येक पायरी कागदावर नियमात बसलेली असते.

सगळ्यात रोजची जागा म्हणजे एमईएल. काय बिघडलेलं असलं तरी विमान उडवता येतं आणि कोणत्या अटींवर, याची ही मंजूर यादी. यादी स्वतः वाईट नाही. महत्त्वाच्या यंत्रणा विमानात दोन-दोन, तीन-तीन असतात, त्यातली एखादी ठरावीक काळ बंद असली तर चालतं. ‘बी’ गटातला दोष तीन दिवसांत, ‘सी’ दहा दिवसांत, ‘डी’ एकशेवीस दिवसांत दुरुस्त व्हायला हवा. दोष नोंदवला तो दिवस मोजत नाहीत. ‘ए’ गटाची मुदत त्या-त्या नोंदीपुढेच लिहिलेली असते. वेदर रडारचं उदाहरण घ्या. ते बंद असताना उडता येतं, पण वाटेत गडगडाटी वादळाचा अंदाज नसेल तरच. जानेवारीत ही अट कुणाला जाणवतही नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर पन्हाळ्याच्या बाजूने वळवाचे ढग चढायला लागले की त्याच कागदावर विमान अडकतं. हा दोष सकाळी जिथे सुटा भाग होता तिथेच काढला असता, तर संध्याकाळचा प्रश्नच उरला नसता.

खरी अडचण येते ती या मुदतीच्या शेवटच्या दिवशी. भाग आलेला नसतो. मग दुसऱ्या उभ्या विमानाचा काढून इकडे बसवतात. नियमात राहून, नोंद करून हे करता येतं, पण कामाचा हिशोब बघा. एका विमानातून चांगला भाग काढला, इकडचा खराब काढला, चांगला इकडे बसवला आणि नंतर नवा आला की तो तिकडे बसवला. दोन कामांची चार झाली. प्रत्येक वेळी कनेक्टर उघडला जातो, सील काढलं जातं, लॉकवायर कापली जाते, आणि प्रत्येक उघडझापीत चुकीला एक संधी मिळते. एकच दोष पुन्हा पुन्हा एमईएलवर जातोय का हे ज्या कंपनीत रोज पाहिलं जात नाही, तिथे पुरवठादारांची बिलं थकली आहेत असं समजायला हरकत नाही. हे माझं मत आहे, पण त्याला सरकारी कागदाचा आधारही आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

मुदतवाढीने काय होतं ते समजायला 31 जानेवारी 2000 चा अलास्का एअरलाइन्स 261 चा अपघात बारकाईने पाहावा. मेक्सिकोतून निघालेलं एमडी-83 जातीचं विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं, 88 जण गेले. यात जो भाग निकामी झाला तो शिरोली-गोकुळ शिरगावच्या माणसाला शब्दांत समजावून सांगायची गरज नाही. लेथच्या क्रॉस स्लाइडला अ‍ॅक्मे आट्यांचा स्क्रू आणि त्यावर ब्राँझचं नट असतं ना, तीच जोडी. स्क्रू पोलादाचा, नट अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचं. शेपटीच्या वरचा अख्खा आडवा पंख या स्क्रूने वर-खाली होतो. नट मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे झीज झाली तर नटाची व्हावी. ती किती झाली ते ‘एंड प्ले’ मोजून कळतं. आपण हँडल मागे-पुढे हलवून बॅकलॅश बघतो तसंच, फक्त तिथे शेपटीला ठरावीक ताण देऊन डायल गेजवर वाचतात. मर्यादा 40 थाऊ, म्हणजे साधारण एक मिलिमीटर.

लेथचं नट झिजलं तर जॉब रिजेक्ट होतो. तिथे शेपटीचा पंख नुसता त्या नटाच्या आट्यांनी धरलेला होता. आटे डबल स्टार्ट, म्हणजे शेजारी-शेजारी दोन, होते आणि एक गेला तर दुसरा धरेल असा मूळ हिशोब होता. पण दोन्ही आटे एकाच नटात, एकाच ग्रीसवर, एकाच वेगाने झिजणार. याला मी दुहेरी सुरक्षा म्हणणार नाही.

आता ग्रीसची मुदत बघा. या कंपनीत 1985 मध्ये दर 700 उड्डाण-तासांनी ग्रीसिंग व्हायचं. 1987 मध्ये 1000 तास झाले, 1991 मध्ये 1200, 1994 मध्ये 1600. 1996 मध्ये तासांची अटच काढून ‘दर आठ महिन्यांनी’ असं केलं, आणि विमानाच्या वापराप्रमाणे ते साधारण 2550 तास भरत होते. एंड प्लेची मोजणीही 5000 तासांवरून 30 महिन्यांवर, म्हणजे सुमारे 9550 तासांवर गेली. प्रत्येक वाढीला नियामकाच्या व्यवस्थेतून वाट मिळाली. कोणत्याही एका पायरीला ‘हे भयंकर आहे’ असं कुणी म्हणावं इतकी ती मोठी नव्हती. पण दोन्ही मुदती एकत्र वाढत गेल्या. ग्रीसिंग एकदा चुकलं तर ते झीज मोजताना सापडेल, हा जो आधार होता तोच त्यामुळे लांब गेला. पूर्वी एक ग्रीसिंग हुकलं तरी 1400 तासांत पुढचं यायचं. 1996 नंतर एक हुकलं तर पाच हजारांवर तास कोरडे.

सप्टेंबर 1997 मध्ये याच विमानाचं एंड प्ले बरोबर 40 थाऊ आलं. मेकॅनिकने नट बदलायचं लिहिलं. पुन्हा मोजलं तेव्हा 33 आलं आणि विमान सोडलं. मोजायला लागणारं फिक्श्चर कंपनीने स्वतःच्या शॉपमध्ये बनवलं होतं आणि ते उत्पादकाच्या ड्रॉइंगप्रमाणे नव्हतं, हे नंतर तपासात बाहेर आलं. आपल्याकडे गेज घरी बनवून कॅलिब्रेशनशिवाय वापरायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मर्यादेला टेकलेलं माप पुन्हा घेतल्यावर चांगलं आलं, तर दोन्ही मापांवर शंका घ्यायची असते. सोयीचं तेवढं ठेवायचं नसतं.

आणि ग्रीसिंग कसं होत होतं? शेपटीच्या टोकाला, लहानशा झाकणातून हात घालून. निप्पलला गन लावून नटाच्या वरच्या बाजूने ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं, मग स्क्रूच्या पूर्ण लांबीला ब्रशने लावायचं, मग पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. नीट केलं तर सुमारे चार तासांचं काम. शेवटचं ग्रीसिंग ज्याने केलं त्याने तासाभराचं काम म्हणून सांगितलं. समुद्रातून काढलेल्या स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगी ग्रीस नव्हतं, निप्पलच्या वाटेत वाळलेला जुना थर होता. नटाच्या आट्यांची जाडी सुमारे नव्वद टक्के झिजली होती, उरलेलं सोललं जाऊन स्क्रूभोवती पट्ट्यांसारखं गुंडाळलं गेलं होतं. कामाच्या कार्डावर ग्रीसिंगपुढे सही होती. दुसऱ्या माणसाने बघायचं बंधन त्या कामाला नव्हतं.

रात्रपाळीचा मुद्दा वेगळा आहे. विमानं दिवसा उडतात, म्हणून लाइनवरची देखभाल रात्री होते आणि ‘सकाळी पहिल्या फेरीला विमान पाहिजे’ हे वाक्य प्रत्येक रात्री असतं. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजच्या 5390 या फेरीत 17,300 फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. ते वाचले. उड्डाणाच्या 27 तास आधी, रात्रपाळीत, काच बदलली होती. माणसं कमी म्हणून शिफ्ट मॅनेजरने पहाटे स्वतः काम घेतलं. जुना बोल्ट हातात धरून नवे बोल्ट त्याच्याशी डोळ्यांनी जुळवले. स्टोअरकीपरने या जागेला कोणता नंबर लागतो ते सांगितलं होतं, तरीही. लावलेल्या 90 बोल्टपैकी 84 व्यासाने 0.026 इंच कमी होते, म्हणजे 0.66 मिलिमीटर. उरलेले सहा लांबीने आखूड. आणि जो जुना बोल्ट नमुना म्हणून वापरला तोही मुळात चुकीचाच होता, चार वर्षं नशिबाने टिकला होता. बारीक डोकं काउंटरसिंकमध्ये खोल बसलेलं दिसायला हवं होतं. पण स्टँडवरून वाकून, ताणलेल्या हाताने काम चाललं होतं, दिसलं नाही. काच बाहेरून बसवायची होती, म्हणजे केबिनचा दाब तिला बाहेर ढकलणार होता, आणि तरीही दुहेरी तपासणीच्या यादीत ती नव्हती.

नमुन्याशी जुळवलं म्हणजे बरोबर, ही सवय वर्कशॉपमध्ये फार खोल असते. विमानात भाग ठरतो तो फक्त कॅटलॉगमधल्या पार्ट नंबरने. कॅटलॉगची नोंदही त्या विमानाला लागू आहे का ते बघावं लागतं. कोल्हापूरला येतं त्याच जातीचं एक एटीआर 72 याच कारणाने एकदा समुद्रात उतरलं आहे. 6 ऑगस्ट 2005, ट्युनिंटर 1153, इटलीतल्या बारीहून ट्युनिशियाला. आदल्या दिवशी इंधन दाखवणारं मीटर बदललं होतं आणि लावलं एटीआर 42 चं. दिसायला सारखं, बसायला सारखं, जोडायला सारखं. दोन्ही विमानांच्या टाक्या मात्र वेगळ्या, त्यामुळे टाक्या रिकाम्या होत आल्या तरी मीटर पुरेसं इंधन दाखवत राहिलं. कंपनीच्या संगणकातल्या यादीत हे दोन भाग एकमेकांच्या जागी चालतात अशी चुकीची माहिती होती. रात्रीचा आकडा आणि सकाळचा आकडा जुळत नव्हता, मधल्या इंधन भरण्याची पावतीही मिळत नव्हती. वेळ पाळायची म्हणून त्या पावतीवाचून विमान निघालं. 39 पैकी 16 जण गेले. इंधनाचं मीटर बदललं की टाकीतलं प्रत्यक्ष इंधन एकदा डिपस्टिकने तपासून पाहणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. मीटर खोटं बोलू शकतं, डिपस्टिक बोलत नाही.

पाळी बदलताना होणारी चूक थोडक्यात सांगतो, कारण साखर कारखान्यात हंगामात काम केलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. 11 सप्टेंबर 1991 ला टेक्सासमध्ये कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्राएर 120 पडलं, 14 जण गेले. शेपटीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे 47 स्क्रू आदल्या रात्री काढले होते. पाळी बदलली, काढल्याची नोंद झाली नाही, पुढच्या पाळीने दुसरी बाजू पूर्ण केली आणि विमान सकाळी गेलं. खालून पाहिलं तर खालचे स्क्रू जागेवर दिसतात. कागदावर ‘उघडलं’ असं नसेल तर ‘बंद करा’ असं कुणी म्हणणार नाही.

आणि वेळ वाचवणारी नवी पद्धत म्हणजे काय, तर 25 मे 1979, शिकागो, अमेरिकन एअरलाइन्स 191. डीसी-10 चं इंजिन आधी आणि मग त्याचा आधार, म्हणजे पायलॉन, असं वेगवेगळं काढायची उत्पादकाची पद्धत होती. त्याऐवजी फोर्कलिफ्ट लावून दोन्ही एकत्र उतरवले की एका विमानामागे सुमारे 200 मनुष्य-तास वाचत. फोर्कलिफ्टचं काम मिलिमीटरमध्ये होत नाही. पायलॉनच्या मागच्या जोडाला तडा गेला, काही आठवड्यांनी उड्डाणाच्या क्षणी इंजिन पंखावरून निघून गेलं. 273 जण गेले.

आपल्या देशाचा कागद. जुलै 2022 मध्ये डीजीसीएने, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाने, स्पाइसजेटला नोटीस दिली. 2021 मध्ये केलेल्या आर्थिक तपासणीचा दाखला त्यात होता: कंपनी रोखीवर माल उचलते, पुरवठादारांना नियमित पैसे मिळत नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आणि वारंवार एमईएलचा वापर. त्याच महिन्यात आठ आठवड्यांसाठी त्यांच्या मंजूर फेऱ्या निम्म्यावर आणल्या. थकलेलं बिल आणि विमानावरचा उघडा दोष यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे नियामकाने लिहिलेला दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. त्याच महिन्यातल्या अचानक तपासण्यांत सगळ्याच कंपन्यांबद्दल तीन गोष्टी आढळल्या: बिघाडाचं मूळ कारण नीट शोधलं जात नाही, एमईएलवर सोडलेल्या विमानांचं प्रमाण वाढतंय आणि फेऱ्यांच्या वेळेला सही करण्याचा योग्य अधिकार असलेली माणसं हजर नसतात. त्यावर आदेश निघाला की मधल्या थांब्यांवरही विमान सोडायची सही बी-1 किंवा बी-2, म्हणजे मोठ्या अधिकाराच्या, परवान्याच्या इंजिनिअरनेच करावी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी याचा थेट अर्थ आहे. फक्त चाक, तेल, दिवा इतपत कामांचा ‘ए’ परवाना असलेला माणूस एकटा असेल आणि बिघाड त्याच्या अधिकारापलीकडचा निघाला, तर त्याला एकतर विमान अडवावं लागतं किंवा फोनवरून कुणीतरी सांगेल ते ऐकावं लागतं. दुसरं होऊ नये म्हणून तो आदेश.

कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मुदत वाढवणं नेहमी चूक नसतं. हजारो विमानांच्या मोजमापातून एखादा भाग अपेक्षेपेक्षा कमी झिजतो असं दिसलं, तर तपासणी कमी करणं योग्यच, कारण विनाकारण उघडलेला जोडही धोकाच असतो. वाढीला आधार मोजमापाचा आहे की फक्त हँगरच्या वेळापत्रकाचा, एवढं विचारायचं. शेपटीच्या त्या स्क्रूची मुदत वाढवताना त्या स्क्रूचं स्वतंत्र मोजमाप कुणी मांडलं नव्हतं, मोठ्या तपासण्यांचं वेळापत्रक सरकलं आणि हे काम सोबत सरकलं.

प्रवासी म्हणून तुमच्या हातात थोडं आहे. अडीच तासांपर्यंतच्या फेरीला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यायला कंपनी बांधील आहे. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक तुम्ही मागू शकता. ते काउंटरवर ठामपणे मागा. पण ‘अहो सोडा की आता, एवढ्यानं काय होतंय’ हे इंजिनिअरच्या कानावर पडेल असं म्हणू नका. त्याच्या खांद्यावरचं वजन तेवढ्यानेही वाढतं.

भाच्यासाठी. सही आपली, परवाना आपला, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवायला सांगा. काम दुसऱ्याने केलं असेल आणि बघता आलं नसेल तर सही करायची नाही. अर्धवट काम सोडताना काय उघडं आहे ते कार्डावर लिहायचं, तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. काढलेले स्क्रू पिशवीत घालून पिशवीला त्या जागेचा टॅग बांधायचा आणि ती त्याच जागेजवळ अडकवायची, खिशात किंवा टूलबॉक्समध्ये नाही. टॉर्क रेंचवरची कॅलिब्रेशनची तारीख हातात घेतानाच वाचायची. पहाटे तीन ते पाचमध्ये डोळे आपल्याला फसवतात, तेव्हा महत्त्वाचं काम एकट्याने करावं लागलंच तर दुसऱ्या कुणाला तरी बोलावून दाखवायचं, नियमात तसं लिहिलेलं असो वा नसो. आणि फोनवर कुणी ‘सोडून दे, पुढच्या स्टेशनला बघू’ म्हणालं, तर त्याला नाव, पद आणि एमईएलचा नोंद क्रमांक विचारून ते टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहितो असं सांगायचं. नोंद क्रमांक खरा असेल तर तो लगेच मिळतो.